व्यसनी की रोगी? तंबाखूविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रवाचन : मार्क २:१-१२, योहान ५:१-१५ व ९:१-३, रोमकरांस ७:१४-२५, १ करिंथ ६:१२-२०, प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१.

पाठाचा हेतु : तंबाखूचे व्यसन जडलेल्या बंधुभगिनीकडे मंडळीने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे वैद्यकीय ज्ञान आणि पवित्र शास्त्र ह्या दोहोंच्या आधारे समजून घेणे.

तंबाखूच्या व्यसनाला रोग म्हणावे काय, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. परंतु नंदगड-खानापुरापासून निपाणीपर्यंतच्या ह्या सीमाभागात राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांना तो डॉक्टरांवर सोपवून मोकळे होता येत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात चंची आहे, कित्येकींच्या घरात मिश्रीची डबी आहे, आणि कित्येकांच्या घरची चूल तंबाखूच्या मजुरीवर पेटत आली आहे.

मंडळीत ह्या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "हे पाप आहे. पश्चात्ताप करा, प्रार्थना करा, सुटेल. सुटत नसेल तर विश्वास कमी आहे." दुसरा पक्ष म्हणतो, "हा रोग आहे. शरीरालाच लागले आहे, त्याला माणूस काय करणार?" पहिले उत्तर ऐकून व्यसनी मनुष्य गप्प बसतो, आणि उपासनेला येण्यापूर्वी चूळ भरून वेलदोडा चघळतो. दुसरे उत्तर ऐकून तो निश्चिंत होतो. परिणाम दोन्हींचा एकच, की तंबाखू चालूच राहते. म्हणून ह्या दोन्ही उत्तरांची पारख करणे अगत्याचे आहे.

१. तंबाखू आपल्याकडे आली कशी?

पवित्र शास्त्रात तंबाखूचे नाव नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर ती युरोपात गेली आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. उत्तर हिंदुस्थानाला तिची ओळख आपल्याच शेजारच्या विजापुराहून झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला आला असता त्याला तेथे तंबाखू आढळली. त्याने ती सुंदर चिलमीसह १६०४ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. अकबराने दोनचार झुरके घेतले. त्याच्या हकिमाने मात्र हरकत घेतली, की ह्या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदी घातली. ती फार टिकली नाही.

ज्या राजाच्या आज्ञेने १६११ साली इंग्रजी पवित्र शास्त्राचे प्रसिद्ध भाषांतर निघाले, त्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक कडक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी त्याने तंबाखूवरची जकात भरमसाट वाढवली. तोंडाने निषेध करायचा आणि हाताने महसूल गोळा करायचा, ही सरकारांची रीत तेव्हापासूनची आहे.

आपल्या भागात निपाणी आणि चिकोडीकडची जमीन बिडीच्या तंबाखूला मानवली आणि निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ झाली. ह्या पिकाने अनेक कुटुंबांना हात दिला आणि अनेकांना रडवलेही. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगलोर रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला व त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच काळात वखारीत तंबाखू कुटणाऱ्या व चाळणाऱ्या स्त्रियांनीही मजुरीसाठी संघटना उभारली. त्यांच्या लढ्यावर युगांतर ह्या गटाने १९८२ साली एक माहितीपट काढला. हा इतिहास येथे देण्याचे कारण असे, की आपल्याकडे तंबाखूविषयी बोलताना आपण एखाद्या दूरच्या दुर्गुणाविषयी बोलत नसून शेजाऱ्याच्या भाकरीविषयीही बोलत असतो. ह्याकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

२. चिमूटभर पानात असते काय?

तंबाखूच्या झाडाच्या मुळांत निकोटीन नावाचे द्रव्य तयार होऊन पानांत साठते. किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून झाडाला मिळालेले हे विष आहे. एके काळी पिकावरील किडीसाठी हेच द्रव्य फवारीत असत. १५६० च्या सुमारास पोर्तुगालहून फ्रान्सला तंबाखू पाठवणाऱ्या झां निको ह्या फ्रेंच वकिलाच्या नावावरून त्याला हे नाव पडले, आणि १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व राइमान ह्या दोघांनी ते प्रथम वेगळे काढले. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर व उलट्या होतात, हे आता वैद्यकात नोंदलेले आहे. त्यांनी काही ओढलेले नसते, की चघळलेले नसते; विष कातडीतूनच आत शिरलेले असते. म्हणजे निकोटीन आपले काम करताना मनुष्याची नीती विचारीत नाही.

बिडी वा सिगारेट ओढली असता निकोटीन अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. चघळणाऱ्याला ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून मिळते. आपले लोक तंबाखूत चुना मळतात, तो काही केवळ चवीसाठी नव्हे. चुन्यामुळे निकोटीन सुटे होते आणि गालातून लवकर रक्तात उतरते. हे रसायन शाळेत न शिकताही आपल्या आजोबांच्या तळहाताला ठाऊक होते.

मेंदूत गेल्यावर निकोटीन विशिष्ट पेशींना जाऊन चिकटते आणि त्यामुळे डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते. चांगले जेवण झाले, मित्र भेटला, म्हणजे जे समाधान वाटते, तेही ह्याच द्रव्याशी निगडित आहे. पण निकोटीन वारंवार येऊ लागले म्हणजे मेंदू त्याच्यासाठी जागा वाढवतो. ती चिकटण्याची ठिकाणेच संख्येने वाढतात, आणि मग ती रिकामी राहिली की आरडाओरडा करतात. रक्तातील निम्मे निकोटीन सुमारे दोन तासांत निघून जाते. म्हणूनच सकाळी उठल्याबरोबर हात उशाशी चंचीकडे जातो. रात्रभर त्या सर्व जागा उपाशी असतात. पुष्कळांना वाटते, की तंबाखू खाल्ली म्हणजे डोके शांत होते. वस्तुतः डोके अशांत केले तेही तंबाखूनेच. पुढची चिमूट केवळ मागच्या चिमटीचे देणे फेडते, तेही तात्पुरते. असा सावकार आपण खेड्यापाड्यांत पाहिलेला आहे.

सोडू पाहणाऱ्याला चिडचीड, अस्वस्थता, उदासी, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे असा त्रास होतो. शौचाला होत नाही, अशी तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते, आणि ती खोटी नाही. तीही तंबाखू सुटण्याचेच एक लक्षण आहे. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत जास्त असतो, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. एवढे जरी कोणी आधी सांगितले, तरी कित्येकजण तिसऱ्या दिवशी हार खाणार नाहीत.

३. वैद्यांचे मत कसे बदलत गेले?

वैद्यकशास्त्रानेही हे एका दिवसात मान्य केले नाही. १९६४ साली अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलने धूम्रपानाविषयी प्रसिद्ध अहवाल काढला. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो असे त्यात स्पष्ट सांगितले, परंतु तंबाखूला 'व्यसन' न म्हणता 'सवय' म्हटले. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचार तज्ज्ञांनी तंबाखूवरील अवलंबित्वाची आपल्या रोगांच्या यादीत नोंद केली. १९८८ साली सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी जुने मत बदलून जाहीर केले, की निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे आणि त्याची पकड हेरॉईन व कोकेन यांच्या पकडीसारखीच आहे. कूप हे लहान मुलांचे शल्यविशारद आणि प्रेस्बिटेरियन मंडळीचे श्रद्धावान सभासद होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्यसनाला वैद्यकीय नाव दिल्याने पापाविषयीची आपली शिकवण ढिली होते, असे त्यांना वाटले नाही.

तंबाखू कंपन्यांना हे मानवले नाही. १९९४ साली सात अमेरिकन कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले, की निकोटीन व्यसन लावते असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याच सुमारास एका कंपनीचा १९६३ सालचा खाजगी कागद उजेडात आला. त्यात कंपनीच्याच वकिलाने लिहून ठेवले होते, की निकोटीन हे व्यसन लावणारे द्रव्य असून ते विकणे हाच आपला धंदा आहे. म्हणजे विकणाऱ्याला जे ठाऊक होते, तेच विकत घेणाऱ्यापासून तीस वर्षे झाकून ठेवले गेले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात निकोटीनवरील अवलंबित्वाला स्वतंत्र जागा आहे. ह्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्याच संघटनेने २००९ साली निकोटीनची गोळी व पट्टी ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

४. तरीही काही आक्षेप

"कोणी बळजबरी केली होती काय? पहिली चिमूट स्वतःच्याच हाताने घेतली ना?" हा पहिला आक्षेप. तो अगदीच निराधार नाही. परंतु ती चिमूट घेतली कोणत्या वयात, हे विचारा. २०१९ साली आपल्या देशातील १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा ८.५ टक्के मुले तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. आणि त्यांतील बिडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांनी वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच सुरुवात केली होती. नऊ वर्षांच्या पोराने बापाची विझलेली बिडी ओढून पाहिली, तिला आपण पन्नाशीच्या मनुष्याचा विचारपूर्वक निर्णय म्हणणार काय? शिवाय मधुमेह व रक्तदाब ह्यांतही खाण्यापिण्याचा आणि आळसाचा वाटा असतो. तरी त्या रोग्यास आपण रोगीच म्हणतो आणि औषध देतो.

दुसरा आक्षेप असा, की पुष्कळांनी औषधावाचून तंबाखू सोडली आहे, मग हा रोग कसला? हे खरे आहे. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांतील बहुतेकांनी औषधावाचूनच सोडली. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. कोणत्याही मदतीवाचून सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. जे सुटले ते बहुधा अनेक वेळा पडून उठलेले असतात. अंगच्या शक्तीने ताप उतरणारेही पुष्कळ असतात. म्हणून ताप हा रोग नव्हे असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रोग म्हटले की माणसाला सबब मिळते. हे भय खरे आहे, आणि आम्ही ते हलके मानीत नाही. परंतु सबब ही 'रोग' ह्या शब्दात नसते, ती रोग असाध्य आहे असे समजण्यात असते. क्षयरोग्याला आपण रोगी म्हणतो, आणि म्हणूनच त्याने गोळ्या चुकवू नयेत असा आग्रह धरतो. रोग हे नाव उपचार घेण्याची जबाबदारी वाढवते.

येथे एक भेदही केला पाहिजे. तंबाखूला स्पर्श करणारा प्रत्येकजण रोगी नव्हे. लग्नकार्यात विडा खाणारा एक, आणि उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला बिडी लागते, तापाने अंथरुणावर असतानाही जो ती सोडू शकत नाही, तो वेगळा. १९७८ साली स्वीडनच्या फागरस्ट्रोम यांनी केलेल्या प्रश्नावलीत हेच दोन प्रश्न होते, आणि आजही डॉक्टर ते विचारतात. प्रत्येकाने ते स्वतःला विचारून पाहावेत.

आमच्या मते योग्य उत्तर असे : तंबाखू ही वस्तू आहे, ती घेणे ही कृती आहे, आणि निकोटीनचे अवलंबित्व हा रोग आहे. ज्याचे कारण ठाऊक आहे, लक्षणे ठाऊक आहेत, जो कसा वाढतो ते ठाऊक आहे आणि ज्यावरचे उपचार पारखलेले आहेत, त्याला रोग न म्हणण्यास कारण उरत नाही. मात्र हा असा रोग आहे, की ज्यात रोग्याची इच्छा हा औषधाचाच एक भाग असतो.

५. पवित्र शास्त्राच्या उजेडात

प्रथम एक सावधगिरी. तंबाखूविरुद्ध बोलताना वचने ओढूनताणून लावू नयेत. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे १ करिंथ ६:१९ मधील वचन आपण नेहमी पुढे करतो. पण तेथे पौल जारकर्माविषयी लिहीत आहे. त्याचे तत्त्व तंबाखूला लागू करता येईल, परंतु ते तत्त्व अति खाण्यालाही आणि मुद्दाम विश्रांती न घेण्यालाही लागू पडते, हे विसरू नये. आमच्या मते आपल्या विषयाला अधिक जवळचे वचन त्याच अध्यायातले बारावे आहे. तेथे पौल परवानगी आणि ताबा ह्यांत फरक करतो. एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असली, तरी तिच्या सत्तेखाली आपण जाणार नाही, असा त्याचा निर्धार आहे. तंबाखूविषयी विचारायचा प्रश्न हाच आहे, की धनी कोण आणि चाकर कोण?

ख्रिस्ती लोकांचेही ह्याविषयी नेहमी एकमत नव्हते. जॉन वेस्ली आपल्या मदतनिसांना तपकीर, तंबाखू व मद्य ह्यांपासून दूर आहात ना, असे विचारीत असत. उलट लंडनचे थोर उपदेशक स्पर्जन सिगार ओढीत, आणि १८७४ साली त्यांनी व्यासपीठावरून तिचे समर्थनही केले. आज निकोटीनविषयी जे ज्ञान आपल्याजवळ आहे, ते स्पर्जनजवळ नव्हते. आपल्याजवळ असल्यामुळे आपली जबाबदारी अधिक आहे.

मार्क २ मधील पक्षाघाती मनुष्याकडे पाहू या. प्रभूने त्याला प्रथम क्षमा दिली आणि मग चालण्याची शक्ती दिली. दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी. त्याचा रोग पापामुळे झाला, असे प्रभूने म्हटले नाही. आणि रोगी आहे म्हणून त्याला क्षमेची गरज नाही, असेही मानले नाही. पाप की रोग असे दोन कप्पे आपण करतो. प्रभूने संपूर्ण मनुष्य पाहिला. आणखी एक गोष्ट अशी, की त्या मनुष्याला चौघांनी उचलून आणले होते, आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. तो एकटा आपल्या निश्चयाच्या बळावर छपरावर चढला नव्हता.

योहान ५ मध्ये अडतीस वर्षे दुखणाईत असलेल्या मनुष्याला प्रभू विचारतो, की तुला बरे होण्याची इच्छा आहे काय? रोग्याला विचारण्याजोगा हा प्रश्न नाही असे प्रथम वाटते. पण प्रभूने त्याची इच्छा गृहीत धरली नाही. आणि तो मनुष्य उत्तर काय देतो? त्याला कुंडात उतरवणारे कोणी नाही, अशी त्याची तक्रार आहे. इच्छा आणि सोबत, ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका संभाषणात आल्या आहेत. पुढे चौदाव्या वचनात प्रभू त्याला पापाविषयी ताकीद देतो. पण योहान ९ मध्ये जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा तो विचारच प्रभू बाजूस सारतो. तेव्हा प्रत्येक दुखण्यामागे पाप शोधण्याचा परवाना आपल्याला शास्त्रात सापडत नाही.

रोमकरांस ७ मध्ये पौल पाप व नियमशास्त्र ह्यांविषयी बोलत आहे, निकोटीनविषयी नव्हे. तरीही, इच्छिलेले होत नाही आणि न इच्छिलेले घडते, हे त्याचे वर्णन वाचून तंबाखू सोडू पाहणारा मनुष्य चटकन मान हलवतो. त्याला आपण सांगावे, की बाबा, हे लिहिणारा अविश्वासी नव्हता. धडपडणारा मनुष्य विश्वासातून गेलेला नसतो.

६. मंडळीने काय करावे?

पहिली गोष्ट, लाज काढणे बंद करावे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखू वापरीत असल्याचे आढळले, महाराष्ट्रात २६.६ व कर्नाटकात २२.८ टक्के. त्यांतील ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि चघळणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते. म्हणजे आपल्या बाकावर शेजारी बसलेला तंबाखू खाणारा बंधू सोडण्याचा विचार मनात घेऊनच बसलेला असण्याचा संभव निम्मा आहे. त्याला उपदेशाची उणीव नाही. विचारपूस करणाऱ्याची आहे.

दुसरी गोष्ट, स्त्रियांना विसरू नये. मिश्री लावणारी बहीण स्वतःला व्यसनी समजत नाही. ती दात घासते असे म्हणते. पण भाजून पूड केलेल्या तंबाखूतही निकोटीन असतेच, म्हणून तर ती दिवसातून एकदा लावून भागत नाही. शेतात राबणाऱ्या बाईची भूक ती मारते, हेही तिचे एक आकर्षण आहे. गर्भारपणी तंबाखू घेतल्याने मूल कमी वजनाचे जन्मते, हे सिद्ध झालेले आहे. महिला मंडळाच्या सभेत हा विषय एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून समजावून घ्यावा.

तिसरी गोष्ट, औषधाचा तिरस्कार करू नये. "एक निकोटीन सोडून दुसरे कशाला?" असे काहीजण विचारतात. गुलाम करते ते निकोटीन, पण तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो तो प्रामुख्याने तंबाखूतील व धुरातील इतर विषांमुळे. निकोटीनची चघळायची गोळी त्या विषांवाचून मेंदूची ओढ थोडी शमवते आणि मग तीही हळूहळू कमी करता येते. ती पानासारखी भराभर चावायची नसते. थोडी चावून गालाशी धरून ठेवायची असते. ही गोळी औषधांच्या दुकानात मिळते. हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ह्याहून निराळी औषधेही आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. शासनाचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०१६ सालापासून ह्याच कामासाठी आहे. उपवास-प्रार्थना करणाऱ्याने ही मदत घेतली, तर त्याची प्रार्थना कमी प्रतीची होत नाही. प्रभूच्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि मग त्या मनुष्याला उतारशाळेत नेऊन खर्चही दिला.

चौथी गोष्ट, सोबत द्यावी. सोडण्याचा दिवस ठरला की दोन विश्वासू बंधूंनी पहिले तीन दिवस रोज त्याच्या घरी जावे, आणि पुढे महिनाभर निदान आठवड्यातून दोनदा. मध्येच त्याने पुन्हा चिमूट घेतली, तर त्याला साक्ष बिघडवणारा म्हणू नये. पुन्हा दिवस ठरवावा. आणि शेजाऱ्याच्या पुढे आदराने चंची करणे ही आपली जुनी रीत त्या महिन्यापुरती तरी मोडावी.

मंडळीत सेवेचे पद असणाऱ्यांविषयी विचारले जाते. पुढाऱ्याने उदाहरण व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती खाली आणण्याचे कारण नाही. परंतु जो पुढारी उघडपणे "मला हे जडले आहे, मी उपचार घेत आहे" असे सांगतो, तो लपवून खाणाऱ्यापेक्षा मंडळीला अधिक उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते.

७. पोट आणि पेशा

आता निपाणीकडे. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसचा सोनार देमेत्रिय आपल्या कारागिरांना जमवतो. त्याच्या भाषणात आधी धंद्याची बरकत येते आणि देवीचा मान मागून येतो. १९९४ साली शपथ घेणाऱ्या सात प्रमुखांना ह्या सोनाराचे नाव शोभेल. परंतु वखारीत तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणारी, किंवा मांडीवर सूप घेऊन हजार बिड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणारी बाई देमेत्रिय नव्हे. ती तर त्याच विषाची धूळ श्वासातून घेते. तिला पापाचा धंदा करतेस म्हणून हिणवणे सोपे आहे; तिच्या मुलीला दुसरे काम मिळेल अशी खटपट करणे कठीण आहे. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि १९७६ साली कल्याणनिधीचा कायदा झाला. २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास मान्यता दिली. त्यात तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी उद्योग मिळवून देण्याचेही कलम आहे. व्यसन हा रोग मानला, तर तो पसरवण्यावर ज्याचे पोट अवलंबून ठेवले गेले आहे, तोही ह्या रोगाच्या तडाख्यात सापडलेलाच मनुष्य आहे. शिवणवर्ग, शिष्यवृत्ती, बचतगट ह्यांतून मंडळी थोडेफार करू शकते, आणि ते तिने करावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

मुलांना हा पाठ शिकवताना त्यांच्या घरच्या माणसांचा अपमान होणार नाही, ह्याची फार काळजी घ्यावी. वर्गातील एखादे मूल विचारील, "माझे बाबा तंबाखू खातात, ते पापी आहेत काय?" त्याला असे उत्तर द्यावे, की तुझे बाबा देवाला प्रिय आहेत, त्यांना एक दुखणे जडले आहे, आणि ते बरे होऊ शकते. नंदगडच्या मुलांना संगोळ्ळी रायण्णाची समाधी माहीत आहे. परक्या सत्तेपुढे न वाकल्यामुळे त्याला १८३१ साली येथे फाशी देण्यात आले. दास्य म्हणजे काय, हे त्या मुलांना निराळे सांगावे लागत नाही. चिमूटभर पानाचेही दास्य असू शकते, एवढेच दाखवून द्यावे. आणि वडीलधाऱ्यांसाठी दुकानातून तंबाखू वा बिडी आणून देण्याचे काम मुलांना सांगू नये, ही विनंती पालकांच्या सभेत शिक्षकांनी स्पष्टपणे मांडावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. 'सवय', 'व्यसन' आणि 'रोग' ह्या तीन शब्दांत तुम्ही काय फरक कराल?
२. पक्षाघाती मनुष्याला आणणाऱ्या चौघांचे काम तंबाखू सोडू पाहणाऱ्यासाठी आपल्या मंडळीत कोण करू शकेल?
३. बेथेसदा येथील मनुष्याला प्रभूने विचारलेला प्रश्न आपण व्यसनी बंधूला कोणत्या शब्दांत विचारावा, म्हणजे तो दुखावणार नाही?
४. तंबाखूच्या कामावर पोट भरणाऱ्या कुटुंबाशी आपण ह्या विषयावर कसे बोलावे?
५. पुढील महिन्यात तंबाखू सोडण्याचा दिवस ठरवू इच्छिणारे आपल्या मंडळीत कोणी आहेत काय? असल्यास पाळकसाहेबांना किंवा विश्वासातल्या एखाद्या सभासदाला एकांतात सांगावे, आणि त्या दिवसापासूनच्या पहिल्या तीन दिवसांची सोबत कोण करील, ते आजच ठरवावे.